पोच

पाचव्या दिवशी पाणी येतं, रात्री पावणेदोनला.
बॅरलमध्ये पाइप सोडून मी मागच्या खोलीत जाते.
इथं कांड्या भरायचं मशीन होतं.
आता माझा नोड चालतो:
जुना बाजारातला कॉम्प्युटर, दोन टीबीची डिस्क,
वर टॉवेलचा कटपीस, धुळीसाठी.

"हे रात्रभर करतं तरी काय?" नायना विचारतात.
चाळीस वर्षं जॉबर. उजवा कान पूर्ण गेला,
डावा माणूस बघून ऐकतो.

मी मोठ्यानं सांगते.
हिशेबाची एक वही आहे, तिला शेठ नाही.
हजारो घरांत तीच वही. नवीन पान निघालं
की तपासायचं, शेजाऱ्याला द्यायचं,
त्यानं त्याच्या शेजाऱ्याला.
माझे शेजारी दहा. एक फिनलंडात,
एक कुठं आहे ते मलाही दिसत नाही.
"पगार?"
नाही.
"मग दिवाणजी कशाला झालीस गं?"

याचं उत्तर माझ्याकडं नाही.
वायरीचं मात्र आहे.

वायर भरवशाची नाही. निरोपाचे तुकडे वाटेत हरवतात,
मागचा पुढं येतो. म्हणून तुकड्याला नंबर,
आणि पलीकडून पोच.
पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा.
त्याच्याही आधी:
आहेस का?
आहे. तू आहेस का?
आहे.
एवढं झाल्याशिवाय कामाचं कुणी बोलत नाही.

नायना एक बोट वर करतात. मग दोन बोटं छातीवर.
मग अंगठा.
"चोवीस माग चालू असताना कोण ओरडणार?
सहा नंबरवरून हसनसाब बोट दाखवायचा,
मी दोन, तो अंगठा. मग बोलणं:
धोटा फुटला, ताणा संपत आला, चहा सांग.
अंगठा दिसला नाही की पुन्हा पहिल्यापासून.
तुझ्या मशीनला नवीन काय त्यात?"

नवीन आहे. आधी आमचं सगळं उघड्यावर होतं.
प्रत्येक निरोपाच्या कपाळावर त्याच चार बाइटांचा शिक्का,
मधला कुणीही ओळखायचा, ही तीच मंडळी.
आता दोघं आधी एकमेकांना
चौसष्ट बाइटांचा कचरा पाठवतात. दिसतो कचरा,
त्यातून दोन्हीकडं एकच किल्ली तयार होते.
तिथून पुढं चोरून ऐकणाऱ्याला
नुसती धडधड.

नायना बराच वेळ गप्प. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"बोनसच्या वर्षी," ते म्हणाले,
"शेठ आमच्या मधोमध उभा होता, टॉवेलची किनार तपासत.
त्याच्या डोक्यावरून आम्ही ठरवलं, ओठांनी,
उद्या कुणी यायचं नाही.
त्याला ऐकू आलं ते विणणं."

किल्ली काय होती?

"एकाच शेडात बहिरे झालो की ओ दोघं. तीच."

पलीकडं नक्की कोण आहे, हे मात्र
या नव्या पद्धतीतही कळत नाही, मी म्हणते.
"मला तरी कुठं कळलं? त्याला मुलगी आहे
ते मला लग्नाच्या कार्डावरून समजलं."

फिनलंडवाला गप्प झाला होता. मी दाखवलं:
आपण टिचकी मारतो, त्यानं उलट टिचकी द्यायची.
वीस मिनिटं वाट बघायची, मग नाव कमी.
"वीसच?"
शेड विकल्यावर हसनसाब भिवंडीला गेला.
नंबर लागत नाही. नायना तो पुसत नाहीत,
मी दोनदा फोन बदलून दिला तरी.

तेवढ्यात अंगणात पाणी वाहायला लागलं.
ते उठून गेले. मी आतून ओरडले, बंद केला का?
काही नाही.
नायना, नळ!
काही नाही. फिनलंडचे सोळा मिनिटं झाले.

मग खिडकीच्या गजांतून आत आला
ओला अंगठा.